मानाचं पीस

त्या रानात खेळ करणाऱ्या पाखरांना चारा देण्याची रीत नव्हती. त्यांना पीस देत. खेळ रंगला, जनावरांनी खूर आपटले, की मोराच्या मंडळातल्या साळुंकीबाई पुढे येत, बाभळीचा डिंक नखाने कालवत आणि मोराच्या पिसाऱ्यातून गळालेलं एक पीस कलावंताच्या पाठीवर चिकटवत. चिकटलेलं पीस काढायचं नाही, असा दंडक होता. पीस काढणं म्हणजे मोराचा, रानाचा आणि कलेचा अपमान, आणि अपमानाचा क्रमही असाच ठरलेला होता. ज्याच्या पाठीवर जास्त पिसं, तो मोठा. तो येऊन बसला की लहान पाखरं फांदी सोडून देत. तो काय खातो, हे विचारणं मात्र असभ्य समजत.

मोहाची फुलं गळून गेली आणि तळी आटू लागली की खेळांचे दिवस सुरू होत. उरलेल्या पाण्याभोवती जनावरं गोळा होत आणि बगळेरावांची नाटकमंडळी या तळ्यावरून त्या तळ्यावर जात. काठावरचं एखादं उंच वारूळ हाच रंगमंच. वारुळामागे सुगरणमावशी गवताचा पडदा विणून द्यायची. पडदा सुंदर असायचा आणि खेळ संपला की पुढच्या रांगेतल्या म्हशी तो खाऊन टाकायच्या.

"शेवटचा प्रवेश होईपर्यंत तरी धीर धरायचा मेल्यांनी," मावशी म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गवत वेचायला लागायची. तिला कधी पीस मिळालं नाही. पडद्याला चेहरा नसतो, असं मंडळाचं मत होतं.

या मंडळीत कोतवाल जातीची दोन पाखरं होती, सख्खे भाऊ. काळेकुळकुळीत, बारीक अंगाचे, शेपटीला दोन फाटे. थोरला खेळ करायचा. रानातला कुठलाही आवाज त्याच्या गळ्यात होता आणि शिकऱ्याचा आवाज तर असा, की तो ऐकून खरे ससे पोटाशी पाय घ्यायचे. त्याच्या सगळ्यात गाजलेल्या खेळात एक एवढंसं पाखरू शिकऱ्यासमोर उभं राहतं. आधी शिकऱ्याची शीळ, मग भयाण शांतता, मग ते पाखरू म्हणतं, "ये. माझ्या घरावरून जायचं असेल तर माझ्यावरून जा." आणि ते सरळ वर उडतं, इतकं वर की एक ठिपका उरतो, आणि तिथून दगडासारखं खाली येऊन वारुळाला टेकता टेकता पंख उघडतं. त्या क्षणासाठी रानडुकरं पिलांना खांद्यावर घेऊन यायची.

धाकटा पडद्यामागच्या गवतात बसून शब्द द्यायचा. त्याला लहानपणी घुबडाच्या शाळेत घातलं होतं. मास्तर थोरल्याला सोंगाड्या म्हणाले आणि धाकट्याने मास्तरांच्या डोक्यात चोच मारली, तिथे शाळा संपली. त्याचं सगळं असंच होतं, आधी चोच, मग विचार. पण भावाचे सगळे खेळ त्याला कानाने पाठ होते. भाऊ कुठे श्वास घेतो, कुठे गिळतो, हेही पाठ होतं.

शब्द देण्याची त्यांची एक खूण होती. समोरच्यांना थोरल्याचं तोंड दिसे, धाकट्याला फक्त शेपटी. बोलता बोलता थोरला थबकला आणि शेपटी सरळ खाली असली, तर तो विसरला आहे, शब्द द्यायचा. शेपटी डावीकडे वळली, तर द्यायचा नाही.

"विसरलो तर दे," थोरल्याने त्याला बजावलं होतं. "थांबलो तर देऊ नको. मागून शब्द आला की मला तो घ्यावाच लागतो, बारक्या. मग माझं काही चालत नाही. पाय, पंख, सगळं त्या शब्दाच्या मागे जातं."

उमेदीच्या वयात थोरल्याला मोठ्या तळ्यावरून बोलावणं आलं होतं. ते तळं कधी आटत नसे आणि तिथल्या खेळांची कीर्ती सगळ्या रानात होती. बगळेरावांनी निरोपाचं भाषण केलं, मावशीने वाटेसाठी गवताची पिशवी विणून दिली. एक उन्हाळा तिथे काढून थोरला परत आला, तेव्हा त्याच्या छातीचं हाड दिसत होतं.

"काय केलंस तिथे?" धाकट्याने विचारलं.

"शिकरा केला."

"मग?"

"झुडपामागून केला. समोर पोपट होता. तो चोच उघडायचा, आवाज माझा असायचा."

"आणि लोक?"

"लोक पोपटावर खूश."

"तू टोचलं नाहीस त्याला?"

"टोचायला समोर यावं लागतं. मला समोर यायची मनाई होती."

त्यानंतर तो कुठेच गेला नाही. याच आटणाऱ्या तळ्यांवर वर्षानुवर्षं त्याने शिकऱ्याची शीळ घातली आणि दर उन्हाळ्यात त्याच्या पाठीवर पिसं वाढत गेली. तीही लांब, जड, पावसात पाणी धरणारी. पहिल्या पिसाच्या वेळी तो रात्रभर झोपला नव्हता, सारखा मान वळवून बघत होता. पुढे मान वळवायलाही जागा राहिली नाही.

कोतवालाची जात उडता घास खाणारी. फांदीवर टपून बसायचं, नाकतोडा उडाला की झेपावायचं, हवेतच धरायचा आणि परत फांदीवर यायचं. एवढी पिसं घेऊन थोरला झेपावायचा, तोवर नाकतोडा आपल्या घरी पोचलेला असे. मग धाकटा दोघांपुरतं धरू लागला. पण द्यायचं कसं? थोरल्याने घेतलं नसतं. म्हणून तो अर्धमेला टोळ भावाच्या फांदीवर ठेवायचा आणि दुसरीकडे बघत बसायचा.

"हा बघ, इथेच सापडला," थोरला थोड्या वेळाने म्हणायचा. "मघाशी माझ्या चोचीतून निसटला होता, तोच असणार."

"असेल."

"अजून नेम आहे हां माझा."

"आहे की."

दोघंही खोटं बोलत आणि दोघांनाही ते ठाऊक होतं.

खेळातली भरारी दर वर्षी खाली येत होती. आधी सागाच्या शेंड्यावर जायची, मग मोहाच्या, आता पळसापर्यंत. पुढच्या रांगेतली म्हातारी म्हैस रवंथ करता करता म्हणायची, "पूर्वीसारखं राहिलं नाही बाई," आणि पडदा ओढायची.

त्या उन्हाळ्यात सगळ्यात शेवटच्या तळ्यावर साळुंकीबाई आनंदाची बातमी घेऊन आल्या.

"अभिनंदन, थोरले. मंडळाने यंदा डोळ्याचं पीस तुम्हाला द्यायचं ठरवलं आहे."

डोळ्याचं पीस म्हणजे पिसाऱ्यातलं सगळ्यात लांब, टोकाला निळा डोळा असलेलं. ते मिळणाऱ्याला काठावरच्या जांभळाची ढोली राहायला देतात, असं सगळे सांगत. ढोलीत सावली होती आणि खोडावरून मुंग्यांची रांग सरळ दारात येत होती. तिथे उडावं लागत नाही, नुसती चोच पुढे केली की झालं.

थोरला जांभळाकडे बघू लागला. धाकट्याने मात्र विचारलं, "ढोली कधी?"

"ते ठरलेलंच आहे."

"म्हणजे कधी?"

"पीस लागल्यावर. रीतसर."

"आत्ता तिथे कोण राहतं?"

"सध्या मंडळाचं सामान आहे."

"कसलं सामान?"

साळुंकीबाईंनी पंख सावरले. "पिसं," त्या म्हणाल्या.

त्या गेल्यावर धाकटा भावाच्या फांदीवर येऊन बसला. त्याच्या मानेवरची लव उभी राहिली होती.

"दादा, ही सगळी काढून टाकतो. आत्ता. तू फक्त डोळे मिट."

"चोच लावलीस तर तुझं माझं नातं संपलं."

"तुला उडता येत नाही."

"येतं."

"पळसापर्यंत."

"खेळाला पळस पुरतो." थोरला हसला. "बारक्या, ही काढली तर मी कोण? एक काळं पाखरू. असली रानात ढिगाने आहेत. कशासाठी म्हातारा झालो, ते माझ्या पाठीवर आहे."

"ते एक पीस पाठीवर आलं की तू उठणार नाहीस. मला दिसतंय ते."

"एवढा एक खेळ होऊ दे. मग ढोलीत बसू दोघंही. मुंग्या येतील दारात. तुला गवतात बसायला नको, मला वारुळावर चढायला नको. आयुष्यभर तू माझेच शब्द मला दिलेस. तिथे तू तुझं काहीतरी बोल, मी ऐकतो."

ढोली धाकट्याच्याही डोळ्यांपुढे आली होती. "मग एवढं कर," तो शेवटी म्हणाला. "पीस उजव्या बाजूला लावायला सांग. मला शेपटी दिसली पाहिजे. शेपटी दिसली नाही तर मी तिथे बसून करू काय?"

"सांगतो," थोरला म्हणाला.

समारंभ खेळाच्या आधी ठेवला होता, कारण मोरमहाराज खेळ सुरू झाला की झोपत. दुपार कलताना मोर आला. त्याच्यासाठी सगळ्यात गार सावली झाडून ठेवली होती. बगळेराव एका पायावर उभे राहून बोलले. कलेने रान जगतं, असं ते म्हणाले. थोरला उन्हात वारुळावर उभा होता. सकाळपासून त्याने काही खाल्लं नव्हतं. धाकट्याने ठेवलेला टोळ त्याने नीट पाहिलाही नव्हता, पोट जड नको म्हणाला होता.

साळुंकीबाईंनी डिंक कालवला. थोरल्याने समोर बघतच अगदी हळू आवाजात म्हटलं, "बाई, जरा उजवीकडे लावता का?"

"काय म्हणताहेत ते?" मोराने विचारलं.

"उजवीकडे लावा म्हणतात, महाराज."

"का? डोळा मधोमध असतो."

यावर थोरल्याने बोलायला हवं होतं. रानातले सगळे आवाज त्याच्या गळ्यात होते, पण मोरासमोर बोलायचा आवाज त्यात नव्हता. त्याने मान खाली घातली आणि पीस बरोबर मधोमध लागलं. शेपटी त्याखाली झाकली गेली. गवतातून धाकट्याला आता फक्त एक मोठा निळा डोळा दिसत होता.

तो मावशीच्या कानाशी गेला. "मावशी, मला काही दिसत नाही."

"एवढा पाठ आहे तुला," मावशी म्हणाली. "कानाने दे. माझी आई आंधळी होती, तरी विणायची."

ऊन उतरलं आणि खेळ सुरू झाला. थोरल्याने शिकऱ्याची शीळ घातली. ती इतकी खरी होती, की झाडावरच्या माकडिणींनी पिलं पोटाखाली ओढली आणि सावलीत पेंगणाऱ्या मोराने झोपेतच पिसारा मिटला. मग शांतता आली. खेळातली ती शांतता धाकट्याने हजारदा ऐकली होती. तिची लांबी त्याच्या अंगात होती. ती संपली. शब्द आला नाही.

त्याने निळ्या डोळ्याकडे पाहिलं. डोळा हलत नव्हता. डोळ्याखाली काय आहे, ते कळत नव्हतं. भाऊ विसरला असेल? हे वाक्य तो विसरेल? पण मघाशी तो उन्हात किती वेळ उभा होता. पोटात काही नाही. म्हातारा झालाय. समोर एवढं रान बसलंय, तो मोर बसलाय, आणि हे वाक्य राहिलं तर ढोलीही राहून जाईल.

समोर कुणी श्वास घेत नव्हतं. म्हातारी म्हैस रवंथ करायची थांबली होती.

"ये," धाकट्याने गवतातून शब्द दिला.

काही झालं नाही.

"ये. माझ्या घरावरून जायचं असेल तर," तो जरा मोठ्याने म्हणाला.

वारुळावरून थोरल्याचा आवाज आला. तो बारीक होता आणि त्यात शिकरा नव्हता, पाखरू नव्हतं, कुठलंच सोंग नव्हतं. "ये. माझ्या घरावरून जायचं असेल तर माझ्यावरून जा."

आणि तो उडाला. पळसाच्या वर गेला. मोहाच्या वर गेला. इतक्या वर तो कित्येक वर्षांत गेला नव्हता. रानडुकरांनी पिलांना खांद्यावर घेतलं. वर, उतरत्या उजेडात, सगळी पिसं एकदम पसरली आणि मोरांचा एक मोठा थवा आभाळात उभा राहिल्यासारखा दिसला. मग तो खाली येऊ लागला. दगडासारखा आला. वारुळाला टेकता टेकता पंख उघडतात, ती जागा आली आणि गेली.

सगळं रान खूर आपटू लागलं. खुरांचा एवढा गजर त्या तळ्याने कधी ऐकला नव्हता.

धाकटा पडदा फाडून बाहेर आला. वारुळाच्या पायथ्याशी पिसांचा ढीग पडला होता, निळा, हिरवा, चकाकणारा. त्यात भाऊ कुठे आहे ते दिसत नव्हतं. त्याने चोचीने पिसं उपटायला सुरुवात केली. डिंक जुना होता, पिसांबरोबर कातडी निघत होती. तो उपटत राहिला. पहिलं पीस, ज्याच्यासाठी भाऊ झोपला नव्हता, तेही उपटलं. ढीग संपत आला तरी पाखरू सापडेना. सगळ्यात शेवटी ते चोचीला लागलं, एवढंसं, काळं, मुठीत मावेल असं. छातीचं हाड वर आलेलं. चोच अर्धी उघडी.

डोळ्याचं पीस तेवढं राहिलं होतं. तेही त्याने ओढून काढलं. त्याखाली थोरल्याची शेपटी होती. तिचे दोन्ही फाटे घट्ट डावीकडे वळलेले होते आणि तसेच ताठरले होते.

धाकटा तिच्याकडे बघत राहिला.

गजर थांबला होता. पीस उपटताना सगळ्यांनी पाहिलं होतं. खुरांच्या आवाजाने मोर जागा झाला होता.

"हे काय चाललं आहे?" तो म्हणाला. "पिसं काढतो आहे हा?"

बगळेरावांनी दुसरा पाय खाली टेकला. पुढच्या उन्हाळ्याची सगळी तळी त्यांच्या डोळ्यांपुढून गेली. "खेळच आहे, महाराज," ते घाईने म्हणाले. "नवा शेवट. तुमच्यासाठी खास बसवला."

हे ऐकून धाकट्याचं डोकं फिरलं. तो उडून वारुळावर चढला. "खेळ नाही हा," तो ओरडला. "मेला तो. माझा भाऊ मेला. पोटात घास नव्हता त्याच्या. तुम्ही सगळ्यांनी मिळून त्याच्या पाठीवर हे रचलं आणि मी, मी त्याला मागून..." त्याचा आवाज फाटला आणि पुढचं काही शब्दांत बसेना. त्याने शिकऱ्यासारखी किंकाळी फोडली. ती त्याने ठरवून फोडली नव्हती. भावाची होती ती, हुबेहूब.

ससे पोटाशी पाय घेऊन बसले. एक क्षण गेला आणि मग सगळं रान उठून उभं राहिलं.

"अगदी थोरल्यावर गेलाय," म्हातारी म्हैस डोळे पुसत म्हणाली. "पूर्वी असायचं ना, तसं."

"चांगलं आहे," मोर म्हणाला. "ओरडणं जरा जास्त आहे, पण तरुण आहे. कुठे लपवून ठेवलं होतं याला?"

"पडद्यामागे, महाराज," बगळेराव म्हणाले.

साळुंकीबाई पायथ्याशी उतरल्या होत्या. पिसांच्या ढिगातून त्यांनी डोळ्याचं पीस उचललं, पंखाने झटकलं आणि डिंकात बुडवलं. धाकटा रानाकडे तोंड करून उभा होता. पाठीवर काहीतरी कोमट टेकलं तेव्हा त्याने मान वळवली. पीस बरोबर मधोमध लागलं होतं. त्याच्या देठाशी थोरल्याचं एक बारीकसं काळं पीस चिकटून राहिलं होतं.

त्याला बोलायचं होतं. चोच उघडी होती. समोर शेकडो डोळे होते, कुणी श्वास घेत नव्हतं, आणि त्याच्याजवळ एकही शब्द उरला नव्हता. पिसाखाली झाकलेली त्याची शेपटी हळूहळू डावीकडे वळली.

मागे, फाटलेल्या पडद्याआड, सुगरणमावशी गवतात सरकून बसली. इतक्या वर्षांत तिलाही सगळं पाठ झालं होतं. पोरगं अडलंय, तिला वाटलं, आणि तिचा जीव कळवळला.

"ये," तिने मायेने शब्द दिला.

धाकटा हलला नाही.

"ये. माझ्या घरावरून जायचं असेल तर," मावशी म्हणाली, जरा मोठ्याने.